तानसेन समारोह, ग्वाल्हेर

तानसेन समारोह : ग्वाल्हेर (मध्य प्रदेश) येथे दरवर्षी डिसेंबरात भरणारा हिंदुस्थानी अभिजात संगीताचा उत्सव. शहराच्या हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा आहे आणि त्याच आवारात, खांबांवर पेललेल्या छताखाली, तानसेनाची साधी समाधी आहे. समारोहाचा मुख्य मंच या आवारातच उभारतात. आयोजन मध्य प्रदेश शासनाच्या संस्कृती विभागातील उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमी करते. देशभरातून आणि अलीकडे परदेशांतूनही पाहुणे कलावंत येतात. तरीही प्रत्येक सभेचा आरंभ ग्वाल्हेरच्या घरच्या कंठांनीच होतो. हेच या समारोहाचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य होय.

तानसेनाचा जन्म ग्वाल्हेरजवळच्या बेहट गावचा, असे परंपरा मानते. रीवा संस्थानच्या राजा रामचंद्राच्या पदरी असताना १५६२ मध्ये त्याला अकबराने बोलावून घेतले. अकबरनाम्यातील नोंदीप्रमाणे १५८९ मध्ये त्याचे निधन झाले. समाधीवर गाण्याबजावण्याची हजेरी लावण्याच्या प्रथेला १९२४ मध्ये, ग्वाल्हेर संस्थानचे महाराज माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत, दरबारच्या आश्रयाने उर्साच्या रूपात नियमित स्वरूप आले. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी पुढाकार घेतल्यावर त्याला अखिल भारतीय समारोहाचे रूप मिळाले. राज्य गेले, आश्रयदाता बदलला, पण जागा बदलली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी समाधीपाशी शहनाई वाजते. मग ढोलीबुवा महाराजांच्या मठाच्या नाथपंथी परंपरेतील हरिकथा होते आणि तिच्या जोडीने मौलानांचे मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या जन्माचे स्तुतिपर पठण. समाधीवर चादर चढते, फुले वाहिली जातात. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या लष्कर भागातील मराठी घरांना ढोलीबुवांचा मठ परका नाही. त्या परंपरेचे कीर्तन मुसलमान संताच्या आवारात, एका गवयासाठी व्हावे, यात या शहराचा स्वभाव दिसतो. हा सकाळचा भाग केवळ उपचार म्हणून उरकण्यासारखा नाही. रात्रीच्या सभांइतकाच तो समारोहाचा गाभा आहे.

सभा सकाळच्या आणि संध्याकाळच्या अशा दोन्ही वेळी होतात, त्यामुळे एरवी मैफलीत क्वचित कानी पडणारे सकाळचे रागही इथे ऐकायला मिळतात. प्रत्येक सभेची सुरुवात शहरातल्या एखाद्या संगीत संस्थेच्या विद्यार्थ्यांच्या ध्रुपदाने, म्हणजे ख्यालाहून जुन्या, धीरगंभीर गायनप्रकाराने होते. त्यांत कृष्णराव शंकर पंडित यांनी वडिलांच्या नावे १९१४ मध्ये काढलेले शंकर गांधर्व महाविद्यालय असते आणि संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ मध्ये सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालयही असते. याच माधव विद्यालयाच्या ओढीने घर सोडलेले लहानगे भीमसेन जोशी सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या मदतीने काही काळ ग्वाल्हेरला राहिले होते. २००८ मध्ये स्थापन झालेल्या राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठामुळे या मालिकेत आणखी एका संस्थेची भर पडली. कार्यक्रमपत्रिकेत नुसते संस्थेचे नाव असलेला हा भाग उशिरा येणारा श्रोता चुकवतो. तो चुकवू नये. ग्वाल्हेर घराण्याची ओळख ख्यालाची, म्हणजे आलाप-तानांनी राग फुलवणाऱ्या नंतरच्या गायनप्रकाराची, आणि तानसेन ध्रुपदाचा; पखवाजाच्या चौतालावर (बारा मात्रांच्या तालावर) ही मुले एकत्र गातात तेव्हा घराण्याच्या आधीचे ग्वाल्हेर ऐकू येते. राजा मानसिंह तोमर (कारकीर्द १४८६–१५१६) याच्या दरबारात ध्रुपदाला प्रतिष्ठा मिळाली, ती ग्वाल्हेरच्याच किल्ल्यावर.

पाहुण्यांना इथे गाणे सोपे नसते. डिसेंबरातली ग्वाल्हेरची थंडी आणि धुके यांत तबल्याची शाई-पुडी (चामडे आणि त्यावरचा काळा लेप) दमट होते, स्वर उतरतो. हातोडी हाताशी ठेवूनच तबलजी बसतो आणि तंबोऱ्याच्या जवारीचा (तारेला गुंजन देणारा) दोरा पुन्हा पुन्हा सरकवावा लागतो. त्याहून अवघड असतो समोरचा श्रोता. ग्वाल्हेर घराण्याचे आद्य गवई हद्दू खाँ-हस्सू खाँ यांची गायकी वासुदेवबुवा जोशी, शंकरराव पंडित, राजाभैया पूछवाले यांच्या कंठांतून या शहराने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) ती इथूनच शिकून महाराष्ट्रात घेऊन गेले. त्यामुळे महाराष्ट्रातला ख्यालगायक इथे येतो तो एका अर्थी माहेरी येतो. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) नीट भरल्याशिवाय तानांकडे (जलद स्वरसमूहांकडे) धावणाऱ्याला हा श्रोता मनापासून दाद देत नाही.

राज्य शासनाचा तानसेन सन्मान १९८० पासून याच समारोहात दिला जातो. त्या पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) होते. पूर्वसंध्येला ‘गमक’ या नावाने सुगम व सूफी गायनाचा कार्यक्रम होतो. ‘वादी-संवादी’ या उपक्रमात व्याख्याने व सप्रयोग चर्चा होतात, आणि जागतिक संगीताच्या सादरीकरणांत परदेशी वाद्ये मंचावर येतात. जागतिक संगीताच्या या भागावर जुन्या श्रोत्यांची नाराजी ऐकू येते, पण ज्या समाधीवर सर्व पंथांचे गवई आले तिथे दूरच्या वाद्याला जागा नाकारण्याचे कारण दिसत नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने ग्वाल्हेरचा सर्जनशील शहरांच्या जाळ्यात ‘संगीताचे शहर’ म्हणून समावेश केला.

समाधीजवळच्या चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, या समजुतीने गायक तिथे आवर्जून जातात. समारोहातील एक सभा बेहट येथे, झिलमिल नदीकाठच्या शिवमंदिराच्या परिसरात होते. हे मंदिर तानसेनाच्या स्वराने कलले, अशी आख्यायिका आहे. गावकरी श्रोते असल्यामुळे या सभेचा सूर हजिऱ्यापेक्षा मोकळा असतो. अखेरची सभा किल्ल्याच्या पायथ्याच्या गुजरी महालात होते. हा महाल मानसिंहाने मृगनयनी राणीसाठी बांधला, आणि अलीकडच्या वर्षांत ही सभा स्त्री कलावंतांसाठी राखली जाते.