नाकाला झेपेल तेवढी फॅशन

चष्मा काढा आणि काडीची आतली बाजू बघा. तिथे बारीक अक्षरांत ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असेल. (चष्मा काढल्यावर ते वाचता येत नाही, ही अडचण मलाही येते. मी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघतो.) पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा नाकावरच्या पुलाची रुंदी, तिसरा काडीची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. घरातले जुने चष्मे असे वाचत गेलं, तर पहिला आकडा भरती-ओहोटीसारखा वरखाली होताना दिसतो. आजोबांचा चाळीसच्या आसपास, मावशीच्या लग्नानंतरच्या फोटोतला भुवईपासून गालापर्यंत पसरलेला, नव्वदीच्या दशकातला माझा पुन्हा चिमुकला, आणि आता परत मोठा.

याला आपण फॅशन म्हणतो, आणि ती आहेच. पण ती किती लांब जाऊ शकते हे ठरवणारी गोष्ट आरशात दिसत नाही. ती नाकाला जाणवते.

माझा नंबर उणे ६. उणे नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि कडेची ही जाडी काचेच्या त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गोल काचेची रुंदी ४० वरून ५६ मिलिमीटर केली, म्हणजे १.४ पट, तर क्षेत्रफळ साधारण दुप्पट होतं. कडेची वाढीव जाडीही दुप्पट होते. दुप्पट पसारा आणि दुप्पट जाडी, म्हणजे नंबरामुळे चढणारं वजन जवळजवळ चौपट. खऱ्या काचेचा हिशेब मी मध्यभागी २ मिलिमीटर जाडी धरून केला. ४० मिलिमीटरच्या दोन काचा मिळून सुमारे २० ग्रॅम भरतात आणि ५६ मिलिमीटरच्या सुमारे ५२. फ्रेमचं वजन वेगळंच. बावन्न ग्रॅम हातात काहीच नाही, पण नाकाच्या दोन बाजूंच्या नखाएवढ्या जागेवर दिवसभर ठेवले की संध्याकाळी तिथे खळगे पडतात.

गांधीजींचा आणि बाबासाहेबांच्या कितीतरी छायाचित्रांतला गोल चष्मा आज आपल्याला त्या माणसांची खूण वाटतो. त्या काळी तो तसा असण्यात काच या पदार्थाचा मोठा हात होता. काच जड, म्हणून लहान. आणि कडा घासून बसवायला गोल आकार सगळ्यांत सोपा. त्याच काळात हॅरल्ड लॉइड हा अमेरिकन विनोदी नट मोठ्या काळ्या गोल फ्रेममुळे गाजला, आणि लोकांनी तसल्या फ्रेमा मागून घेतल्या. पण त्याच्या फ्रेमला काचाच नव्हत्या! वजनाचा प्रश्न त्याने मुळातूनच काढून टाकला होता.

गोल काचेची एक खोडही आहे. फ्रेमच्या खोबणीत ती फिरू शकते. ज्याला नुसता साधा नंबर आहे त्याचं काही बिघडत नाही. सिलिंडरचा नंबर, म्हणजे डोळ्याची वक्रता सगळीकडे सारखी नसल्याचा दोष घालवणारा नंबर, असलेल्याचं बिघडतं, कारण सिलिंडर ठरावीक कोनातच काम करतो. काच १० अंशांनी फिरली तर सुमारे ३५ टक्के दोष उरतो. ३० अंशांनी फिरली तर चष्म्याने सिलिंडर जेवढा घालवला तेवढाच दुसरीकडून परत येतो. म्हणजे लावला काय आणि न लावला काय. गोल फ्रेम घेतल्यावर काही महिन्यांनी ‘नंबर बदलला वाटतं’ अशी शंका आली, तर आधी काच फिरली नाही ना ते बघून घ्यावं.

मोठ्या फ्रेमची वाट मोकळी केली ती प्लॅस्टिकने. सीआर-३९ हा पदार्थ अमेरिकेत १९४०च्या सुमारास तयार झाला. चाचणीतल्या एकोणचाळिसाव्या मिश्रणाचं नाव त्याला तसंच चिकटलं. दुसऱ्या महायुद्धात तो बॉम्बर विमानांच्या इंधन टाक्यांसाठी वापरला गेला आणि युद्ध संपल्यावर चष्म्यात आला. त्याची घनता काचेच्या निम्म्याच्या जवळपास, २.५४ च्या जागी १.३२. मग १९७२ मध्ये अमेरिकेत नियम आला: १६ मिलिमीटर व्यासाचा पोलादी गोळा सुमारे सव्वा मीटरवरून पडला तरी चष्म्याची काच फुटता कामा नये. या परीक्षेत उतरायचं तर खऱ्या काचेला कडक करावं लागे, जाडही ठेवावं लागे, म्हणजे आणखी जड. प्लॅस्टिकचं फावलं.

मघाचा माझा हिशेब प्लॅस्टिकने केला, तर ५६ मिलिमीटरची जोडी २८ ग्रॅमवर येते. म्हणजे आजोबांच्या मापाच्या इवल्या गोल काचांपेक्षा आठच ग्रॅम जड. सत्तरच्या दशकातले ते अवाढव्य चौकोनी चष्मे हे मला या हिशेबाचंच चित्र वाटतं. पदार्थ हलका झाला, तेवढी फ्रेम पसरली, आणि नाकावरचा भार फारसा वाढला नाही. आपण मात्र दुकानात अजूनही ‘काच’च म्हणतो. फार तर ‘फायबरची काच’.

नव्वदीत सगळं आक्रसलं. उभ्या मापात जेमतेम २५ मिलिमीटरच्या लंबगोल काचा आल्या. याला शास्त्रीय कारण शोधू नये. लोकांना मोठ्याचा कंटाळा आला, इतकंच. पण या वेळी फॅशनने काचेलाच अडचणीत आणलं. प्रोग्रेसिव्ह काच १९५९ मध्ये फ्रान्समध्ये बाजारात आली होती. तिच्यात वरून लांबचं दिसतं, खालून वाचता येतं आणि मधल्या पट्ट्यात नंबर हळूहळू बदलत जातो. त्या बदलाला उभी जागा लागते. जुन्या रचनांना बुबुळाच्या खाली वीसएक मिलिमीटर हवे असत, आणि २५ मिलिमीटरच्या काचेत बुबुळाखाली उरायचे तेरा-चौदा. वाचायचा भाग घासणीच्या यंत्राखाली भुकटी होऊन जाई. गिऱ्हाईक पेपर हातभर लांब धरून तक्रार करी की एवढे पैसे मोजून वाचताच येत नाही, आणि त्याचं बरोबरच असे.

शेवटी काचेने हार मानली आणि मधला पट्टा आखूड केलेल्या रचना निघाल्या. त्याची किंमत बाजूला मोजावी लागते. नंबर जितक्या घाईने बदलायचा, तितका डाव्या-उजव्या बाजूचा धूसर भाग फुगतो. हे कारखान्याचं अपयश नाही, अशा पृष्ठभागाच्या भूमितीचाच तो नियम आहे.

मोठ्या काचेची एक बाजू मात्र खरी. डोळा फिरतो तो बिंदू काचेमागे सुमारे २७ मिलिमीटरवर असतो. त्यावरून २५ मिलिमीटर उंचीच्या काचेतून वरखाली मिळून जवळपास ५० अंश दिसतात, ४० मिलिमीटरच्या काचेतून ७३. जिना उतरताना हा फरक पायाला कळतो.

याच मोहाने मी गेल्या खेपेला ५६-१८ची फ्रेम उचलली. दुकानदाराने ‘चेहऱ्याला उठून दिसते’ म्हणून तारीफ केली, पीडी मात्र नंतर मोजली. पीडी म्हणजे दोन बुबुळांमधलं अंतर. माझं ६२. फ्रेमचे पहिले दोन आकडे मिळवले की ७४ होतात. म्हणजे नंबराचा मधला बिंदू बुबुळासमोर यायला प्रत्येक काचेत तो ६ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागणार. तो तसा सरकवला नाही, तर उणे ६ नंबराला प्रत्येक डोळ्यासमोर साडेतीन प्रिझमहून (काच प्रकाश बाजूला किती वळवते त्याचं माप) जास्त ओढ बसते आणि डोकं दुखतं. आणि सरकवला, तर कानाकडची कड बिंदूपासून ३४ मिलिमीटर लांब जाते. साध्या प्लॅस्टिकमध्ये त्या कडेला नुसती नंबरापायीच ७ मिलिमीटर जाडी चढते. मी महागाची १.६७ इंडेक्सची, म्हणजे प्रकाश जास्त वळवणारी आणि म्हणून पातळ बसणारी, काच घेतली, तरी मधली जाडी धरून ६ च्या वर गेली. शाळेत ‘ढापण्या, सोडावॉटर’ ऐकलेल्या माणसाला त्या कडेकडे बघून काय वाटलं असेल ते सांगायला नको. शिवाय अशा जास्त इंडेक्सच्या काचा रंग जास्त फाकवतात. ट्यूबलाइट कडेतून बघितली की तिला एका बाजूने निळी आणि दुसऱ्या बाजूने नारिंगी किनार दिसते.

या खेपेला दुसऱ्या दुकानात आधी पीडी मोजून घेतली आणि ‘छोटी काय आहे?’ विचारलं. त्यांनी सगळ्यांत खालचा खण ओढला. त्यातल्या एकीच्या काडीवर ४६-२० होतं. बेरीज ६६, सरकवायचं फक्त २, कड ४ मिलिमीटरच्या आसपास.

“वीस वर्षं पडून होत्या, साहेब,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी आला असतात तर अर्ध्या किमतीत दिली असती. आता कॉलेजच्या मुली येऊन हाच खण उघडायला लावतात.”