ओला, सुका आणि त्याआधीचा कचरा

'ओला कचरा' हा शब्द तसा फसवा आहे. दुधाची रिकामी पिशवी ओली असली तरी सुक्यात जाते आणि कांद्याची कुरकुरीत टरफलं ओल्यात. कचऱ्याच्या २०१६ च्या सरकारी नियमांतला मूळ शब्द 'जैवविघटनशील' असा होता. सकाळी सातला दारात उभं राहून तो कोण कोणाला समजावणार? म्हणून ओला-सुका रुळलं, आणि गोंधळही सोबत आला.

आपल्याकडे 'कचरा' या एका शब्दात सगळं कोंबायची पद्धत फार जुनी नाही. शेण, राख, पालापाचोळा उकिरड्यात जाई. कोकणात त्याला गायरी म्हणत. तिथून निघे ते खत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, ही म्हण त्यातूनच आली असावी. देवाची उतरलेली फुलं म्हणजे निर्माल्य, ते केरात जात नसे. जुने कपडे बोहारणीकडे, वर्तमानपत्रं रद्दीत, मोडका पत्रा भंगारात. ज्याला काही किंमत होती त्याला स्वतःचं नाव होतं. उरला तो केर.

शहरं वाढली तशी ही नावं एका गाडीत पडू लागली. १८९६ च्या प्लेगनं मुंबईला कचऱ्याची धास्ती बसली. तो शहरापासून लांब न्यायचा, हेच मग धोरण झालं. कुर्ला-चेंबूर लोहमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला तो कचऱ्याच्या गाड्यांसाठी. त्यावरून प्रवासी जाऊ लागले १९२४ मध्ये. आज याच मार्गावरच्या हार्बर लोकलच्या गर्दीत लोंबकळणाऱ्याला हे सांगितलं तर तो फारसा चकित होणार नाही! देवनारला कचरा टाकणं १९२७ पासूनचं. अशा जागेला मुंबईकर 'डम्पिंग ग्राउंड' म्हणतात, पुणेकर 'कचरा डेपो'.

नुसत्या लांब नेण्याला धक्का बसला तो १९९४ च्या सुरतेतल्या प्लेगनंतर. १९९६ मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल शहरांच्या कचऱ्याचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयानं समिती नेमली आणि २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम आले. 'घनकचरा' हा शब्द पालिकेच्या कागदांत पक्का झाला तो या नियमांमुळे. ८ एप्रिल २०१६ च्या नव्या नियमांनी घरातच तीन भाग करायला सांगितले: विघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक. म्हणजे संपलेले सेल, फुटलेले बल्ब, औषधं. त्या तिसऱ्या भागाला बोलीत अजून धड नाव मिळालेलं नाही, आणि घरोघरी तो सुक्यातच जातो.

त्याच वर्षी जानेवारीत देवनार पेटलं आणि पूर्व उपनगरांत दिवसच्या दिवस धूर राहिला. ओलं-सुकं एकत्र दाबलं गेलं की आतलं ओलं हवेविना कुजतं, मिथेन तयार होतो, आणि वरचं प्लास्टिक-कागद जळण म्हणून असतंच. वेगळं करा म्हणतात त्यामागचं हे साधं रसायन.

नियमांच्या कितीतरी आधी हे वेगळं करण्याचं काम कचरा वेचणाऱ्या बायका हातानं करत होत्या. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची संघटना उभी राहिली, तिचं नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. सुक्या कचऱ्याची व्याख्याच त्या नावात आहे, आणि माझ्या मते सरकारीपेक्षा सरस. 'कचरावेचक' हा शब्दही अशाच चळवळींनी मानाचा केला. याच संघटनेतून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेनं दारोदारच्या संकलनासाठी तिच्याशी करार केला.

बांधकामाच्या मलब्याला २०१६ मध्येच स्वतंत्र नियम मिळाले. मुंबईत त्याला डेब्रिज म्हणतात. पुण्याचा 'राडारोडा' मात्र नियमांची वाट न पाहता आधीपासून आहे, आणि नदीकाठी टाकलेला दिसतोही. कोथरूडच्या जुन्या कचरा डेपोच्या जागेवर आता मेट्रोचा डेपो आहे. जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'कचरा डेपो' हाच पत्ता येतो.