बॅचच्या नोंदींचा मागोवा: लॉगशीटपासून संगणकीय प्रशिक्षणापर्यंत

ठाणे–बेलापूर रस्त्यालगत दिघ्यापासून तुर्भे–शिरवण्यापर्यंत पसरलेल्या कारखान्यांत औषधी रसायने, रंगद्रव्ये, रेझिन असा बराचसा माल आजही बॅचने तयार होतो. ठरावीक कच्चा माल अभिक्रियेच्या भांड्यात, म्हणजे रिअॅक्टरमध्ये चार्ज करायचा, ठरलेल्या क्रमाने तापवायचा, थंड करायचा, एंड पॉइंट, म्हणजे अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण, आला की नमुना क्यूसीकडे (गुणवत्ता तपासणी विभागाकडे) पाठवायचा आणि मग पुढच्या टप्प्याला जायचे, असे हे काम आहे. या बॅचची माहिती कशी साठवावी, शोधावी आणि पडताळावी हे शिकवणारी संगणकीय प्रशिक्षणे आता अनेक अभियंत्यांच्या आणि ऑपरेटरांच्या वाट्याला येतात. त्यांत सॉफ्टवेअरच्या खिडक्या नीट दाखवल्या जातात, परंतु त्या खिडक्यांची रचना तशी का झाली हे बहुधा सांगितले जात नाही. आणि ते कळल्याखेरीज विश्लेषण शिकता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. ठाण्याची वागळे इस्टेट आणि खाडीपलीकडचा ठाणे–बेलापूर पट्टा ही महामंडळाची सुरुवातीची क्षेत्रे. याच पट्ट्यात नोसिल या रसायन कंपनीचा नाफ्ता क्रॅकर, म्हणजे नाफ्त्याचे विघटन करून रसायने काढणारा प्रकल्प, १९६८मध्ये सुरू झाला. तो अखंड चालणारा प्रकल्प होता. त्याच्या आसपासचे लहान-मध्यम रासायनिक कारखाने मात्र मुख्यतः बॅचवर चालत, आणि तेथील सगळी स्मृती कागदावर असे: ऑपरेटरने ठरलेल्या वेळी तापमान व दाब वाचून भरलेली लॉगशीट, चार्ट रेकॉर्डरच्या गोल कागदावर शाईने उमटलेली रेषा, आणि औषधांच्या कारखान्यांत बीएमआर, म्हणजे त्या बॅचचा संपूर्ण लेखी दस्तऐवज. या नोंदी प्रामुख्याने तपासणीसाठी आणि जबाबदारी निश्चित करण्यासाठी ठेवल्या जात. तरीही लॉगशीटच्या शेरा-रकान्यात ‘जॅकेटला वाफ उशिरा मिळाली’ किंवा ‘नवीन ड्रममधील माल घेतला’ असे जे लिहिलेले असे, ते घटनेचे कारण होते, आणि नंतरच्या यंत्रणांना नेमके तेच टिपता आले नाही.

१९७५मध्ये हनीवेलची टीडीसी २००० आणि योकोगावाची सेंटम या वितरित नियंत्रण प्रणाली, म्हणजे डीसीएस, बाजारात आल्या, आणि मोजमापे संगणकीय रूपात मिळू लागली. १९८०मध्ये पॅट्रिक केनेडी यांनी अमेरिकेत ऑइल सिस्टिम्स ही कंपनी काढली. तीच पुढे ओएसआयसॉफ्ट झाली आणि तिची पीआय सिस्टिम हिस्टोरियन, म्हणजे मोजमापे काळानुसार साठवणारी प्रणाली, म्हणून जगभर पोहोचली. कंपनीच्या मूळ नावातच तेल आहे हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण हिस्टोरियनची मूळ घडण अखंड प्रक्रियांच्या गरजांना साजेशी होती. प्रत्येक मोजमापाला एक टॅग, आणि प्रत्येक टॅगसाठी वेळ व मूल्य यांची न संपणारी मालिका, एवढाच तिचा साचा. साठवणूक महाग असल्याने फारसा बदल न दाखवणारी मूल्ये गाळली जात. फॉक्सबोरोच्या ब्रिस्टल यांच्या ‘स्विंगिंग डोअर’ पद्धतीला १९८७मध्ये पेटंट मिळाले, आणि तीच कल्पना हिस्टोरियनमध्ये रूढ झाली. मंद गतीने चालणाऱ्या ऊर्ध्वपातन स्तंभासाठी ही काटकसर सहसा चालून जाते. बॅच रिअॅक्टरमध्ये मात्र उष्मादायी अभिक्रियेच्या वेळी दोन मिनिटे टिकलेला तापमानाचा चढ हीच कधीकधी त्या बॅचमधली सर्वांत महत्त्वाची घटना असते, आणि गाळणीची मर्यादा सैल ठेवली असेल तर तो चढ नोंदीत उरतच नाही. प्रशिक्षणार्थीने ट्रेंडचा आलेख वाचण्याआधी त्या टॅगची गाळणी कशी लावली आहे हे विचारले पाहिजे.

याहून मोठी अडचण वेगळीच होती. हिस्टोरियनला काळ कळत होता, बॅच कळत नव्हती. गेल्या महिन्यातील चाळीस बॅचपैकी कोणत्या बॅचमध्ये चार्जिंगला जास्त वेळ लागला, असे विचारले तर बॅच कधी सुरू झाली, कधी संपली आणि कोणत्या क्षणी कोणत्या रिअॅक्टरमध्ये होती हे त्याला ठाऊक नसे, आणि मग अभियंता एका हातात बीएमआर घेऊन दुसऱ्या हाताने वेळा भरत बसे. जर्मनीतील नामुर या प्रक्रिया उद्योगातील स्वयंचलन वापरकर्त्यांच्या संघटनेने बॅच नियंत्रणाविषयी १९९२मध्ये आपली एनई ३३ ही शिफारस मांडली, आणि १९९५मध्ये अमेरिकेतील आयएसए या स्वयंचलन संघटनेचे बॅच नियंत्रणावरील एस८८ हे मानक प्रसिद्ध झाले. १९९७मध्ये ते आयईसी ६१५१२ म्हणून आंतरराष्ट्रीय मानक झाले. या मानकाने पाककृती (रेसिपी, म्हणजे माल बनवण्याची कृती) आणि उपकरण यांना एकमेकांपासून वेगळे केले. काम कोणत्या क्रमाने करायचे हे एकीकडे, ते कोणत्या युनिटवर होते हे दुसरीकडे. आणि कामाची प्रोसिजर, युनिट प्रोसिजर, ऑपरेशन आणि फेज अशी उतरंड. त्यामुळे ‘गरम करणे’ या फेजची सुरुवात आणि शेवट ही स्वतंत्र नोंद झाली आणि बॅच क्रमांक, युनिट व फेज यांच्या आधारे हव्या तेवढ्याच काळाची माहिती मागता येऊ लागली. अनेक बॅचच्या रेषा एकाच शून्य क्षणापासून एकमेकींवर ठेवून पाहण्याची जी सोय आज प्रत्येक प्रशिक्षणात शिकवली जाते, तिचा पाया हा आहे.

रेषा एकमेकींवर ठेवल्या, तरी कोणता फरक खरा आणि कोणता नेहमीच्या चढउतारातला, हे संख्याशास्त्र सांगते. वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण तक्ता, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा दाखवणारा आलेख, १९२४मध्ये मांडला, आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या पुढाकाराने ते १९४७-४८मध्ये भारतात येऊनही गेले. एका तक्त्यात एकच मोजमाप बसते. बॅचमध्ये तापमान, दाब, ढवळणीचा वेग आणि प्रवाह एकत्र हलतात. हॉटेलिंग यांचे १९३१चे टी-वर्ग आणि महालनोबिस यांचे १९३६चे अंतर यांतून अनेक मोजमापांचा एकत्रित विचार शक्य झाला. त्याच वाटेने नोमिकोस आणि मॅकग्रेगर यांनी १९९४मध्ये बॅचसाठी बहुदिश मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे अनेक मोजमापांतील बदल थोड्या आकड्यांत मांडण्याची पद्धत, मांडले. त्याला चांगल्या बॅचचा एक संच लागतो. एकच ‘गोल्डन बॅच’ निवडून बाकीच्या तिच्याशी ताडण्याची सवय सोपी असली तरी फसवी आहे, कारण चांगल्या बॅचही आपापसांत भिन्न असतात. शिवाय बॅचची लांबी सारखी नसते. फेजनुसार कालरेषा जुळवून न घेता केलेली तुलना निरर्थक ठरते.

संगणकाद्वारे शिकवण्याची परंपरा इलिनॉय विद्यापीठाच्या १९६०च्या प्लेटो प्रणालीपर्यंत मागे जाते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना एकाच वेळी वर्गात बसवता येत नाही, म्हणून कारखान्यांना ती सोयीची. आपल्याकडे २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटीने अनेक कामगारांना संगणकाची पहिली ओळख मराठीतून करून दिली. बॅच विश्लेषणाचे प्रशिक्षण मात्र मुख्यतः इंग्रजीत आणि अभियंत्यांसाठी राहिले.

औषधनिर्मितीत कायद्यानेही या विषयाला वळण दिले. अमेरिकेचा इलेक्ट्रॉनिक नोंदी व स्वाक्षऱ्यांविषयीचा भाग ११ हा नियम १९९७मध्ये लागू झाला, आणि निर्यात करणाऱ्या कारखान्यांना कोणी, केव्हा, कोणते मूल्य बदलले याचा ऑडिट ट्रेल दाखवणे भाग पडले. भारतात डिसेंबर २०२३मध्ये सुधारलेल्या अनुसूची एममध्येही, म्हणजे औषधनिर्मितीच्या उत्तम पद्धतींच्या नियमांतही, संगणकीकृत प्रणालींचा समावेश आहे. त्यामुळे प्रशिक्षणात आता नोंदींच्या विश्वासार्हतेचा धडा असतोच. त्याच्या शेजारी आणखी एक सराव हवा: आपल्याच कारखान्यातील जुन्या बॅचची लॉगशीट आणि तिचा ट्रेंड शेजारी ठेवून, शेरा-रकान्यातील प्रत्येक वाक्य आलेखात कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही हे, ती बॅच ज्याने चालवली त्या ऑपरेटरला बरोबर घेऊन, मराठीत शोधण्याचा.