गोदीचा लेआउट आणि साडेपाच फुटी गेज : थोडी पार्श्वभूमी

सोलापुरात बसून मुंबईच्या गोदीचा मॉडेल रेल्वे लेआउट, म्हणजे छोट्या आकारातली चालती प्रतिकृती, कशाला, असं बरेच जण विचारतात. "समुद्र बघायचाय तर मुंबईला जावं की" हे तर ठरलेलं वाक्य आहे. त्याच्या पाठोपाठ येतो दुसरा प्रश्न, की बाजारात रेडीमेड ट्रॅक मिळत असताना १९.२५ मिलिमीटरचे रूळ हातानं टाकत बसायचं कशासाठी. दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत, म्हणून मागचं सगळं एकदा लिहून ठेवतोय. नवख्यांसाठी एवढंच, की स्केल म्हणजे खऱ्या वस्तूच्या किती पट लहान, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, आणि एचओ (१:८७) व ओओ (१:७६) ही स्केलची नावं.

जुना इतिहास पटकन उरकतो. मुंबईत लाकडी जहाजं बांधण्याचं काम १७३५ पासून सुरू झालं, पण तो जहाज बांधायचा कारखाना होता आणि नंतर आरमाराकडे गेला, आपल्याला हवी आहे ती मालाची गोदी. सोलापुरात गाडी आली १८६० ला आणि बोरघाट खुला झाला १८६३ ला, म्हणजे मधली वर्षं घाट दुसऱ्या वाहनानं उतरायचा आणि खाली परत गाडी पकडायची. नेमक्या त्याच काळात अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सोलापूरची जुनी मिल १८७७ ची. तेव्हा प्रिन्सेस डॉक उघडायला अजून तीन वर्षं होती, म्हणजे मोठ्या बोटी बाहेर नांगर टाकून उभ्या राहायच्या आणि माल पडावातून, म्हणजे छोट्या होड्यांतून, बंदरावर यायचा, गिरणीचं विलायती मशीनसुद्धा तसंच उतरवायचं. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस १८८०, व्हिक्टोरिया १८८८ आणि सगळ्यात मोठा अलेक्झांड्रा, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, १९१४. लगेच पुढच्या वर्षी, १९१५ ला, गोदीची स्वतःची रेल्वे सुरू झाली, बॅलार्ड पियर ते वडाळा. १९२८ ला फ्रंटियर मेल सुरू झाली ती थेट बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनवरून, विलायतेहून बोटीनं आलेले साहेब उतरले की समोर गाडी उभी. ते स्टेशन करायचा मोह आमच्यातल्या काहींना झाला होता, पण पॅसेंजर गाडी लांब लागते आणि आपल्याकडे तेवढी जागाच नाही.

मॉडेल करणाऱ्याला या इतिहासातली खरी उपयोगाची गोष्ट एकच, ती म्हणजे गोदीचे दरवाजे. मुंबईला भरती-ओहोटीचा फरक मोठा, उधाणाला चार-पाच मीटरपर्यंत जातो, त्यामुळे बोट धक्क्याला लावून माल काढायचा तर पाणी आत कोंडून ठेवावं लागतं. भरतीला दरवाजे उघडायचे, बोट आत घ्यायची, दरवाजे बंद. आत पाणी जवळपास एकाच पातळीवर राहतं. म्हणून लेआउटवर धक्क्याच्या कडेपासून थोडंसंच खाली पाणी दाखवायचं. पहिल्या नमुन्यात एका मित्रानं खोल धक्का आणि त्यावर शेवाळ्याचे पट्टे असे सुंदर रंगवले होते, रंगकाम अप्रतिम होतं पण ते दरवाज्याच्या बाहेरच्या भिंतीला शोभणारं, आतल्या धक्क्यावर एवढी ओहोटी येतच नाही. आणि पाणी निळं करायचं नाही. प्लायवर मातकट हिरवा-काळा रंग आणि वर वॉर्निशचे हात, तेवढं पुरतं, सगळीकडे रेझिन ओतायची गरज नाही.

आता गेजचं. यावर आमच्यात जेवढी चर्चा झाली तेवढी बाकी सगळ्या कामावर मिळून झाली नसेल, त्यामुळे इथे जरा सविस्तर लिहितो.

भारतातलं ब्रॉडगेज साडेपाच फुटांचं, १६७६ मिलिमीटर, हे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच ठरलं. मॉडेलच्या दुनियेनं मात्र १९३० च्या दशकात साडेसोळा मिलिमीटरचा रूळ धरला. जर्मन खेळण्यांच्या कंपन्यांनी १९३५ च्या सुमाराला तो आणला आणि १:८७ ला तो युरोपच्या स्टँडर्ड गेजला अगदी बरोबर बसतो. इंग्लंडमधली इंजिनं आकारानं लहान, तेव्हाच्या मोटारी त्यांच्या पोटात बसेनात, म्हणून त्यांनी रूळ तोच ठेवला आणि वरची गाडी फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६ अशी मोठी केली. तिथला रूळ आजही स्वतःच्या गाडीखाली अरुंद दिसतो आणि तिथले शौकीन त्यावर आजही तावातावानं बोलतात. आपल्याकडे हे दोन्ही वाण आले. उदारीकरणाआधी तर जे कुणी परदेशातून बॅगेत घालून आणेल ते आपलं, निवड करायचा प्रश्नच नव्हता, बाकी पत्रा कापून हातानं करायचं. गेल्या काही वर्षांत भारतीय गाड्यांची एचओ मॉडेलं मिळायला लागली, पण चाकं त्याच साडेसोळावर. म्हणजे आपली भलीमोठी ब्रॉडगेजची गाडी खऱ्या मापात जवळजवळ पाऊण फूट अरुंद रुळावर उभी. १:८७ ला खरं माप निघतं १९.२५.

बहुतेकांना ते खटकत नाही. स्लीपर असतात, खडी असते, गाडी पळत असते, नजर तिकडे जाते. आम्हालाही नव्हतं खटकलं, खटकलं ते कुर्डुवाडीमुळे. बार्शी लाइटचा, म्हणजे कुर्डुवाडीवरून जाणाऱ्या छोट्या लाइनचा, एक तुकडा आधीच झाला होता, अडीच फुटी, १:८७ मध्ये ९ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळपास चपखल बसतो. मग शेजारी ब्रॉडगेजचा फलाट करायला घेतला आणि साडेसोळाचा रूळ टाकला, तेव्हा कुर्डुवाडीत आयुष्य काढलेले एक काका आले आणि बघताक्षणी म्हणाले, "मोठी लाइन एवढीशी कशी काय?" त्यांनी काही मोजलं नव्हतं. नंतर आम्ही मोजलं. खऱ्या आयुष्यात मोठी लाइन छोटीच्या २.२ पट रुंद, आमच्याकडे फक्त १.८३ पट. ज्यानं रोज दोन्ही रूळ ओलांडलेत त्याच्या डोळ्याला ते लगेच कळतं.

तिथून तीन बाजू पडल्या. एक बाजू म्हणाली साडेसोळाच ठेवा, सगळं जग ठेवतं, कुणी पाहुणा त्याचं इंजिन घेऊन आला तर चालवता आलं पाहिजे, पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे, विकत मिळतात. दुसरी बाजू हुशार होती, मला मान्य आहे. त्यांचं म्हणणं रूळ बदलूच नका, स्केल बदला. फुटाला ३ मिलिमीटर धरा, साडेपाच गुणिले तीन बरोबर साडेसोळा, एका दशांशाचाही फरक नाही! शिवाय बोट लहान होते, इमारती लहान होतात, आर्किटेक्टवाले १:१०० ची माणसं वापरतात ती चालून जातात. हिशोब इतका सुंदर आहे की मीसुद्धा काही दिवस त्याच बाजूला होतो. पण मग भारतीय वॅगनची जी एचओ मॉडेलं गोळा केलीत ती सगळी बाद, प्रत्येक बॉडी हातानं, आणि बार्शी लाइटचा तुकडा कायमचा वेगळा पडणार, कारण त्या स्केलला अडीच फुटी गेज साडेसात मिलिमीटर होतं आणि तो रूळ कुठे मिळत नाही.

तिसरी बाजू १९.२५ ची, आणि माझ्या मते गोदी निवडली तिथेच ती जिंकली होती. कारण असं की धक्क्यावरचे रूळ फरशीत बसवलेले असतात. स्लीपर दिसतच नाहीत. म्हणजे हातानं ट्रॅक करताना जे सगळ्यात किचकट काम, स्लीपरचं अंतर, बारीक खिळे, चेअर (रूळ धरून ठेवणारे आधार), ते सगळं वाचलं. कॉपर क्लॅडच्या, म्हणजे तांब्याचा थर असलेल्या बोर्डच्या, पट्ट्या आडव्या टाकायच्या, तांबं मधोमध खरवडून घ्यायचं म्हणजे शॉर्ट होत नाही, वर रूळ सोल्डर करायचा, गेज लावून तपासायचा आणि मग दोन्हीकडून पीव्हीसी फोम शीट भरायची. आतल्या बाजूला चाकाच्या कडेसाठी सव्वा मिलिमीटरच्या आसपास फट सोडायची. फोमशीटवर बोथट सुईनं दगडांच्या रेघा मारायच्या, एक हात पातळ काळा रंग आणि लगेच पुसून घ्यायचा. शीट रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खालीच ठेवायची, नाहीतर रूळ साफ करताना रंग निघतो आणि इंजिन अडखळतं.

आणि गोदीत इंजिनं लागतात किती? एक चालू, एक उभं. मेन लाइनचा लेआउट १९.२५ ला करायचा म्हणजे पन्नास गाड्यांची चाकं बदला, कोण करणार. इथे दोन टँक इंजिनांच्या (पाणी स्वतःवरच वाहणाऱ्या छोट्या इंजिनांच्या) चासी, म्हणजे खालचे सांगाडे, पितळी पत्र्यातून नवीन केल्या की झालं, वॅगनची चाकं ॲक्सलवर बाहेर सरकवायची आणि आतून थोडी कानस मारायची. मूठभर गाड्यांसाठी खरं गेज परवडतं, आणि ज्या सीनमध्ये मूठभर गाड्यांत दिवसभर खेळता येतं तो सीन गोदीचा. साडेसोळावाले अजूनही म्हणतात पाहुण्यांचं काय. माझं म्हणणं, पाहुण्यांनी आमचं इंजिन चालवावं, आनंदानं देऊ.

खेळ म्हणजे शंटिंग, इंजिनानं वॅगन पुढे-मागे करून हव्या त्या जागी लावणं. इंग्लंडात एक जुनं कोडं आहे, तीन सायडिंग (बाजूचे रूळ), एकीत पाच वॅगन मावतात, दुसऱ्या दोनांत तीन-तीन, एकूण वॅगन आठ, चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमानं गाडी लावायची. ६७२० वेगवेगळ्या गाड्या निघतात. गोदीला हे जसंच्या तसं लागू पडतं, कारण शेडच्या दारासमोर नेमकी तीच वॅगन उभी करावी लागते. वळणं मात्र सांभाळायची. चार चाकी वॅगनला टोकांना दोन बाजूंनी बफर, म्हणजे धक्का झेलणारे दांडे, असतात, फार आवळलं की ढकलताना बफर एकमेकांच्या आड जाऊन अडकतात आणि वॅगन उचलली जाते.

काळ कुठला घ्यायचा यावर दोन मतं होती. काहींना १४ एप्रिल १९४४ हवा होता, व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापूस एकत्र भरलेली बोट पेटून स्फोट झाला तो दिवस. प्रदर्शनात गर्दी होईल हे खरं, पण शेकडो माणसं गेली त्या दिवशी, कामावर आलेली साधी माणसं, त्याचा देखावा करून समोर गाडी फिरवायला मन होत नाही. मी त्याला पहिल्यापासून विरोध केला.

ठरलं ते १९७२-७३. साठच्या दशकात देश परदेशी धान्यावर जगत होता, एकट्या १९६६ मध्ये १ कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं. मोठ्या बोटीत धान्य सुटं यायचं, गोदीत पोती भरायची, शिवायची, वॅगनमध्ये थप्पी लावायची. चार चाकी वॅगनमध्ये वीस-बावीस टन, म्हणजे दहा हजार टनांची एक बोट रिकामी करायला साडेचारशे वॅगन. मग ७२ चा दुष्काळ आला. ज्वारीच्या या मुलखात माणसं रांगेत उभी राहून बाहेरची लाल मिलो ज्वारी घेत होती, भाकरी नीट थापली जायची नाही, तरी खाल्ली. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. आमच्या घरी अजून मिलोचं नाव निघालं की आजी गप्प होते. हे धान्य बोटीतून आलं, गोदीतून वॅगनमध्ये चढलं आणि रुळावरून आतल्या जिल्ह्यांत पोचलं. सोलापूरकरानं गोदी का करावी याचं यापेक्षा सरळ कारण मला देता येत नाही. म्हणून लेआउटवर कापसाच्या गाठी थोड्या आणि पोती भरपूर आहेत, आणि एक शेड पूर्ण उघडी ठेवलीय, आत पोती शिवणाऱ्या बायामाणसांची रांग दिसावी म्हणून.

त्याच्या पुढचा काळ मॉडेलसाठी आटतच जातो. ऐंशीच्या दशकात रेल्वेनं सुट्या वॅगन सोडून अख्ख्या रेकचा, म्हणजे एकाच मालाच्या पूर्ण गाडीचा, धंदा धरला, मग चार चाकी वॅगन हळूहळू गेल्या. १९८९ ला न्हावा शेवाचं बंदर सुरू झालं आणि कंटेनर तिकडे गेले. कंटेनर आला की शेड नको, हमाल नको, पोतं नको, धक्क्याला समांतर सायडिंग नको. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक तर आता बुजवलेत. जुन्या शेडच्या छताच्या कैच्या, क्रेनचे रूळ, फरशीत गाडलेले पॉइंट, यातलं बरंच काही आता फक्त फोटोत सापडतं, आणि फोटो बहुतेक बोटींचे, रुळांचे क्वचित. गोदीत नोकरी केलेल्या कुणाच्या घरी शेडच्या मागच्या बाजूचा फोटो असेल तर तो आम्हाला बोटीच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त कामाचा आहे.

सध्या अडलंय ते बोटीवर. दुसऱ्या महायुद्धातल्या लिबर्टी बोटी नंतर बरीच वर्षं माल वाहत होत्या, तशी एक घ्यायची म्हटलं तर लांबी ४४१ फूट, १:८७ ला दीड मीटरच्या वर. पूर्ण बोट ठेवली तर अर्धा लेआउट तीच खाते. त्यामुळे धक्क्याकडची बाजू आणि डेकचा पुढचा भाग एवढंच करायचं, मागचं टोक शेडच्या आड लपवायचं असं जवळपास ठरलंय. पत्र्याचे जोड दाखवायला जाड कागदाच्या पट्ट्या चालतात का ते एका तुकड्यावर करून बघतोय, रंग वाळला की कळेल.