काळं ऑइल आणि तरंगणारा क्रँकशाफ्ट

"तीन आठवडे झाले नाहीत ऑइल बदलून, आणि बघ, काळं पडलं!" मित्राने स्पोर्ट बाइक सरळ उभी धरून इंजिनाच्या बगलेतली गोल काच मला दाखवली. मग झाकण उघडून एक थेंब बोटांत चोळला आणि निकाल दिला, "चिकटपणाच गेलाय. आजच बदलू." पाना, ट्रे, नवा फिल्टर, सगळं तो घेऊनच आला होता.

या दोन्ही परीक्षा कुचकामी आहेत. ज्वलनातली काजळी पिस्टनच्या रिंगांमधून थोडी खाली उतरतेच. ऑइलमध्ये मिसळलेली डिस्पर्संट द्रव्यं तिच्या कणाकणाला वेढतात आणि त्यांचा गाळ होऊ देत नाहीत. धुण्याचं पाणी मळलं म्हणून साबण वाया गेला असं कोणी म्हणतं का? राहिला चिकटपणा. इंजिनात ऑइल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेलं असतं. गार थेंब बोटावर चोळून त्याचं काय कळणार?

मुळात ऑइल करतं काय? "धातू गुळगुळीत करतं" हे अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं मला फार आवडतं, आणि ते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगांवरच्या, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या धातूच्या घरांवरच्या, प्रयोगांतून सापडलं. १८८३ च्या सुमारास ब्युचँप टॉवर हा ब्रिटिश इंजिनिअर ते प्रयोग करत होता. वरून ऑइल सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं. आस फिरू लागला तेव्हा ऑइल आत जाण्याऐवजी भोकातून वर आलं. बूच लावलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर. शेवटी प्रेशर गेज बसवला, तर काटा चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. हा दाब देणारा कुठलाही पंप तिथे नव्हता.

कोडं ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये गणिताने सोडवलं. बेअरिंगमध्ये शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, बरोबर मध्यभागी नसतो, भारामुळे किंचित एका बाजूला सरकतो. त्यामुळे भोवतालची फट एका दिशेने निमुळती होत जाते. ऑइलचा थर फिरत्या धातूला धरून असतो, म्हणून तो या निमुळत्या फटीत ओढला जातो. पुढे जागा कमी, आणि दाटपणामुळे बाजूंनी झटकन निसटताही येत नाही. दाब वाढतो आणि शाफ्ट उचलला जातो. पाणी साचलेल्या रस्त्यावर वेगात टायर तरंगतो ना, तेच भौतिकशास्त्र! रस्त्यावर आपला घात करणारी गोष्ट इंजिनात आपल्याला हवी असते.

आता आकडे पाहा. पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याचा, क्रँकशाफ्टचा, बेअरिंगमधला भाग ३० मिलिमीटर व्यासाचा धरला आणि मिनिटाला १२,००० फेरे घेतले, तर त्याचा पृष्ठभाग सेकंदाला जवळजवळ १९ मीटर धावतो. मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो एखाद-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कधी त्याहूनही कमी. केस याच्या कितीतरी पट जाड असतो. ऑइल पंप फक्त ऑइल पोहोचवतो, तरंगण्याचा दाब शाफ्ट स्वतःच फिरून तयार करतो. पापुद्र्याची जाडी ठरते ती श्यानता (ऑइलचा दाटपणा) गुणिले वेग, भागिले भार यावर. वेग शून्य असताना पापुद्राही नसतो, म्हणून सुरुवातीच्या क्षणी धातू धातूला टेकतो. तेवढ्यापुरतं झिंक-फॉस्फरसच्या संयुगांनी धातूवर चढवलेलं पुट कामाला येतं.

यातला वेग आणि भार आपल्या हातात, श्यानता ऑइलच्या. ऑइल तापल्यावर फार पातळ होऊ नये म्हणून १०डब्ल्यू-४० सारख्या ऑइलमध्ये पॉलिमरच्या लांबलचक साखळ्या घालतात. मोटरसायकलमध्ये बहुधा तेच ऑइल गिअरबॉक्समध्येही फिरतं. गिअरचे दाते या साखळ्या चिरडून तोडतात, आणि ऑइल पातळ होत जातं. त्याचा रंगाशी संबंध नाही. म्हणून रंग न बघता मॅन्युअलमधलं अंतर किंवा मुदत पाळायची.

क्लचही त्याच ऑइलात भिजलेला असतो. कारच्या काही ऑइलांतली घर्षण घटवणारी द्रव्यं क्लच प्लेट घसरवतात, म्हणून डब्यावर जॅसो या जपानी मानकाची एमए किंवा एमए२ ही खूण पाहावी. वरून ओतायच्या 'चमत्कारी' बाटल्या मात्र माझ्या लेखी मंतरलेल्या पाण्याच्या पंगतीत बसतात.

फिल्टर तर तक्रारही करत नाही. त्याचा कागद तुंबला की बायपास झडप उघडते आणि न गाळलेलं ऑइल पुढे जातं. ऑइल नसण्यापेक्षा मळकं बरं, हा हिशेब. चालवणाऱ्याला काहीच जाणवत नाही.

बदलायची वेळ आली की काम तासाभराचं. इंजिन थोडं कोमट करावं, म्हणजे ऑइलबरोबर तरंगती घाणही वाहून येते. खालचं फेअरिंग (बाइकचं बाहेरचं आवरण) काढून ड्रेन बोल्ट सोडवावा. त्याचा मऊ वॉशर एकदाच नीट चेपतो, तो नवा घालावा. बोल्ट टॉर्क पान्यानेच, ठरवलेल्या जोराइतकाच आवळावा, अ‍ॅल्युमिनियमचे आटे सहज जातात. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बघावं. दोन रिंगा एकावर एक बसल्या की गळती ठरलेली. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावायचं. हातमोजे घालावेत, जुनं ऑइल गटारात न ओतता पुनर्वापरासाठी द्यावं.

मग इंजिन सुरू करून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थ्रॉटलला हात लावायचा नाही. रिकामा फिल्टर तेव्हा भरत असतो. बंद करून काही मिनिटांनी, बाइक साइड स्टँडवर न ठेवता सरळ धरून, पातळी बघायची. जास्त झालं तर फिरता क्रँक ऑइल घुसळून फेस करू शकतो. बुडबुडे दाबले जातात, भार उचलत नाहीत.

मित्राच्या काचेतलं ऑइल काळं होतं, पण दोन खुणांच्या बरोबर मध्ये होतं. मॅन्युअल काढून अंतर मोजलं, निम्मंसुद्धा झालं नव्हतं. पाना पेटीत परत गेला.