लिटमस पेपरच्या आधीची गोष्ट

शाळेत आम्ल-आम्लारीचा धडा आला की पोरांच्या हातात थेट लिटमसच्या पट्ट्याच येतात, त्यामुळे वाटतं की हे सगळं लॅबमधेच जन्मलं असणार, पण मूळ आहे रंगाऱ्यांच्या हंड्यात आणि आपल्या घरात. गोव्यात आपण पिंजर म्हणतो ते कुंकू हळदीला चुना लावून करायची जुनी रीत आहे, चुना आम्लारी म्हणून पिवळी हळद लाल होते. हे रंगासाठी करायचे, टेस्ट म्हणून नाही.

टेस्ट म्हणून नीट वापरलं ते सतराव्या शतकातल्या रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं. १६६४ मधे त्याचं रंगांवरचं पुस्तक आलं, त्यात व्हायोलेट फुलांचं निळं सिरप पांढऱ्या कागदावर टाकून त्यावर आम्ल टाकलं की लाल आणि अल्कली म्हणजे आम्लारी टाकली की हिरवं होतं असं दिलंय. आपल्या जास्वंदीच्या पाण्याचंही जवळपास तसंच, लिंबू पिळलं की गडद गुलाबी, सोडा टाकला की हिरवट. मला सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की दोन्हीतही न बसणारे पदार्थ असतात, म्हणजे उदासीन, हेसुद्धा त्यानं या रंगांवरनंच धरलं.

लिटमस मिळतं दगडफुलासारख्या लायकेनपासनं, म्हणजे बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून झालेल्या जिवापासनं, शागुतीच्या मसाल्यात टाकतो ते दगडफूल वेगळं, पण तेही लायकेनच. असली रंगाची दगडफुलं पोर्तुगीज लोक केप व्हर्देच्या खडकांवरनं गोळा करून युरोपात विकायचे आणि लिटमस बनवण्यात डच लोक पुढे होते.

गंमत म्हणजे रंग बदलतो हे माहीत होतं पण आम्ल म्हणजे नक्की काय हे दोनशे वर्षं कुणालाच धड सांगता येत नव्हतं, लावाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाला वाटलं सगळ्या आम्लांत ऑक्सिजन असतो, ते १८१० च्या सुमारास डेव्हीनं खोडून काढलं, पाण्यात हायड्रोजन आयन सोडतं ते आम्ल हे उत्तर आर्हेनियसनं १८८० च्या दशकात दिलं आणि पीएचची, म्हणजे आम्लपणा आकड्यात सांगणारी मोजपट्टी १९०९ मधे सोरेनसेननं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग लॅबमधे काढली.

आणि हळदीची एक मर्यादा पोरांना जरूर सांगा, लिंबात टाका नाहीतर साध्या पाण्यात, ती पिवळीच राहते, म्हणजे आम्ल आणि उदासीन यातला फरक तिला कळत नाही. १८७१ मधे बायरनं बनवलेलं फेनॉल्फ्थॅलीन, जे आजही प्रॅक्टिकलला असतं, त्याचंही तेच, आम्लात रंग नाही, पाण्यातही नाही, आम्लारीत तेवढं गुलाबी. लिटमसच्या लाल आणि निळ्या अशा दोन्ही पट्ट्या लावून बघायला लागतात त्या यासाठीच, दोन्हींचा रंग तसाच राहिला तरच पदार्थ उदासीन.