केस कापले की दाट येतात?
‘कापून टाक, दाट येतील’ हे लहानपणापासून ऐकलेलं. तसं होत नाही. केस वाढतो त्वचेखालच्या मुळाशी, महिन्याला साधारण १ सेंटीमीटर. बाहेरचा भाग निर्जीव. कात्री लागल्याची खबर मुळापर्यंत पोचतच नाही. १९२८ मध्ये अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी पुरुषांच्या दाढीचा अभ्यास करून हेच दाखवलं होतं.

मग दाट का वाटतात? न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापल्यावर बोथट होतं. नुकत्याच कापलेल्या मानेवर बोटं उलटी फिरवा, खरखर लागते. शिवाय ओझं उतरलं की केस मुळापासून जरा उभे राहतात.

तेव्हा दाट होतील या आशेवर कापू नका. मान मोकळी हवीय, चेहरा उठून दिसावा असं वाटतंय? मग बिनधास्त कापा. चार दिवस हात सवयीने वेणीकडे जाईल, जाऊ दे.